दोन्हीकडून चौकशी

मराठी माणूस प्रवासाला निघण्याआधी चौकशीला निघतो. एसटी स्टँडवर ‘चौकशी’ अशी पाटी लावलेली खिडकी असते, पण तिथे विचारून त्याचं समाधान होत नाही. मग तो फलाटावरच्या कंडक्टरला विचारतो, कंडक्टरने सांगितलेल्याची खातरजमा शेंगदाणेवाल्याकडे करतो आणि गाडीत बसल्यावर शेजारच्याला म्हणतो, “ही महाडलाच जाते ना?” यात कुणावर अविश्वास नसतो. चार तोंडांतून एकच उत्तर आलं की जिवाला बरं वाटतं, इतकंच. महाडची गाडी महाडलाच जात असल्यामुळे ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या उत्तम चालली.

परदेशवारीला ती चालत नाही. इथे चार तोंडांतून चार उत्तरं येतात आणि पंचाईत अशी की चारही खरी असतात. पहिल्या मजल्यावरचे काका सांगतात, “थायलंडचा व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, फोटो आणि रोख पैसे जवळ ठेवा.” ते गेले तेव्हा तसंच होतं. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी म्हणते, “छे, व्हिसा लागतच नाही.” तिचंही बरोबर; थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांची आणि जुलै २०२४ पासून ६० दिवसांची सूट दिली. तिच्यामागून जाऊन आलेला तिचा भाऊ विचारतो, “ते डिजिटल कार्ड भरलंत का?” मे २०२५ पासून थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं सुरू झालं. हा निबंध तुमच्या हाती पडेपर्यंत त्यातलं आणखी काही बदललं असलं तरी मला नवल वाटणार नाही. आणि मग अमेरिकेहून सुट्टीवर आलेला भाचा सगळ्यांकडे कीव येऊन बघत म्हणतो, “युरोपला कसला आलाय व्हिसा? आम्ही असेच जातो.” जातो खरा, पण त्याच्या खिशातला पासपोर्ट अमेरिकेचा असतो. त्याच्या पासपोर्टावर आपल्याला पॅरिसला जाता येत नाही.

‘नेपाळला काहीच लागत नाही’ हे वाक्य तर मी इतक्या आत्मविश्वासाने उच्चारलेलं ऐकलं आहे की ते खोटं ठरवताना वाईट वाटतं. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, हे खरं. पण विमानाने काठमांडूला जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड चालतं ते फक्त पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्ट वर्षांवरच्या मंडळींना. म्हणजे एकाच कुटुंबात आजोबा आणि नातू पशुपतिनाथाच्या दर्शनाला जाऊ शकतात आणि मधला कर्ता माणूस, ज्याने सगळ्यांची तिकिटं काढली, तो विमानतळावर आधार कार्ड हातात घेऊन उभा राहू शकतो. भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच चालतं. शिवाय तिथे भारतीय पर्यटकाला माणशी दर रात्री १२०० रुपये शुल्क भरावं लागतं. शेजारी म्हणून सवलत आहे, इतरांना याहून पुष्कळ जास्त पडतं.

पासपोर्टचीही एक गंमत आहे. तो दहा वर्षांचा असतो, असं आपण समजतो. प्रवासाच्या कामाला तो साडेनऊ वर्षंच येतो. सिंगापूर, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती अशा कितीतरी ठिकाणी पोचताना त्याची सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांची अट निराळी: तिथून निघाल्यावर पुढे तीन महिने तो चालू हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. कोरी पानं ही आपल्याकडे सहसा अडचण नसते. अडचण असते ती पासपोर्ट नेमका कुठे आहे याची. मौल्यवान वस्तू म्हणून तो लॉकरमध्ये असतो आणि मौल्यवान असल्यामुळेच दहा वर्षं कुणी त्याच्याकडे बघितलेलं नसतं. तिकिटं मात्र ‘ऑफर आजच संपते’ म्हणून रात्री अकरा वाजता काढली जातात. बँकेचं लॉकर रात्री अकराला उघडत नाही.

मग फोटो. आमच्या भागातल्या एका फोटो स्टुडिओत भिंतीवर हाताने लिहिलेला एक तक्ता आहे. त्यात देशांची नावं आणि समोर मापं. अमेरिका दोन इंच बाय दोन इंच, शेंगेन ३५ बाय ४५ मिलिमीटर, आणि खाली लाल शाईत, ‘कृपया हसू नये’. मी गेलो तेव्हा एक आजी स्टुलावर बसल्या होत्या. लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या, अंगावर ठेवणीतली साडी. फोटोग्राफर म्हणाला, “आजी, चष्मा काढा.” अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत २०१६ पासून चष्मा चालत नाही. आजींनी चष्मा काढला आणि त्याबरोबर त्यांना फोटोग्राफर दिसेनासा झाला. “इकडे बघा, आजी.” “इकडे म्हणजे कुठे रे?” “आवाजाकडे बघा.” आजी आवाजाकडे बघून प्रसन्न हसल्या. “हसू नका.” “अरे, फोटो काढतोयस ना?” त्यांचा प्रश्न रास्त होता. शेवटी त्यांनी जो चेहरा केला तो रेशनच्या दुकानात ‘साखर संपली’ ऐकल्यावर होतो तसा होता आणि फोटोग्राफर समाधानाने म्हणाला, “हां, आता लागेल व्हिसा.”

फोटोपर्यंत सगळी चौकशी आपण त्यांची करत असतो. पुढे उलट सुरू होतं. आता ते आपली चौकशी करतात, आणि तीही कशी! आपल्याकडे मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातही इतकी झाली नसेल.

शेंगेनचंच घ्या. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक छोटंसं गाव. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी आपापसातली सीमेवरची तपासणी उठवण्याचा करार केला. आज त्यात २९ देश आहेत. त्यात स्वित्झर्लंड आहे, जो युरोपीय संघात नाही. आणि आयर्लंड नाही, जो युरोपीय संघात आहे. इंग्लंडचा तर वेगळाच संसार. त्यामुळे ‘युरोपचा व्हिसा’ असं म्हणणाऱ्याला आधी कुठल्या युरोपचा, हे विचारावं लागतं. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यालाही नियम आहे: जिथे जास्त मुक्काम, त्यांच्याकडे, मुक्काम सारखे असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार, त्यांच्याकडे. ‘आठ दिवसांत पाच देश’ करणाऱ्यांनी त्यासाठी कुठल्या रात्री कुठे झोपणार हे मोजायचं असतं. बसमध्ये काढलेली झोप धरत नाहीत.

अर्ज सहा महिन्यांच्या आधी घेत नाहीत आणि निघायला पंधरा दिवस उरले की उशीर झालेला असतो. फी ९० युरो. नकार आला तरी ती परत मिळत नाही. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो आजारपणासाठी असतोच, शिवाय, शुभ बोल रे नाऱ्या, तिकडेच काही बरंवाईट झालं तर देह मायदेशी पाठवण्याचा खर्चही त्यात धरलेला असावा लागतो. सहलीच्या आनंदात हे कलम मोठ्याने वाचून दाखवणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक घरात असतो.

मग जेवणाच्या टेबलावर फाइल लागते. अर्ज, मुक्कामाची आरक्षणं, परतीचं तिकीट, बँकेचे उतारे, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, कचेरीचं रजा मंजूर केल्याचं पत्र, निवृत्त असाल तर पेन्शनचा कागद. काही जण फ्लॅटचा इंडेक्स टू जोडतात, गावाकडे जमीन असलेले सातबारा. या सगळ्या गठ्ठ्यातून समोरच्या अधिकाऱ्याला एकच गोष्ट शोधायची असते: हा माणूस परत जाणार का? नकाराचा जो छापील फॉर्म असतो, त्यात कारणांपुढे चौकोन असतात आणि त्यातलं एक कारण असं की, व्हिसाची मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या तुमच्या इराद्याबद्दल आम्हाला रास्त शंका आहे.

हे वाचून मला नेहमी त्या अधिकाऱ्याला एक निनावी पत्र लिहावंसं वाटतं. साहेब, आमच्या लोकांना तुम्ही ओळखलं नाहीत. हा गृहस्थ तुमच्याकडे राहील, अशी शंका तुम्हाला येते? त्याच्या बॅगेत मेतकूट आहे, लसणीची चटणी आहे, सातव्या दिवसासाठी राखून ठेवलेली थालीपिठाची भाजणी आहे. तिसऱ्या दिवशी तुमचा ब्रेड बघून त्याला वरणभाताची आठवण येईल, पाचव्या दिवशी तो आल्प्सकडे पाठ करून घरी फोनवर ‘कामवाली आली होती का’ हे विचारील. त्याचं घर, कुंड्या, दूधवाल्याचा हिशेब, सोसायटीची वार्षिक सभा, जिच्यात त्याला एक मुद्दा मांडायचाच आहे, हे सगळं त्याला ओढून परत आणणार आहे. पण सोसायटीच्या सभेची नोटीस फाइलला जोडायची सोय नाही. तिथे बँकेचा उतारा लागतो. आणि तो उताराही नुसता जाड असून भागत नाही. अर्जाच्या आधल्या आठवड्यात मेहुण्याने चार लाख आणून ओतले असतील तर ते अधिकाऱ्याला मेहुण्याच्या चेहऱ्यासकट दिसतात.

तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. परत येणाऱ्याची पत त्यांच्याकडे वाढते. एप्रिल २०२४ मध्ये भारतातल्या भारतीयांसाठी नवा नियम झाला. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाने वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. परत येण्याचंच हे बक्षीस.

कधीकधी वाटतं, हा परत येण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही, फक्त विचारणारा बदलला. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना कुणी व्हिसा विचारला नाही. पासपोर्ट पहिल्या महायुद्धाच्या काळात सक्तीचा झाला आणि १९२० मध्ये त्याचा कायदा आला. पण आनंदीबाईंच्या काळी समुद्र ओलांडणं धर्माने निषिद्ध होतं. जाताना अडवायला कचेरी नव्हती. परत आल्यावर मात्र जातीतली मंडळी प्रायश्चित्त मागत, नाहीतर पंगतीला घेत नसत. म्हणजे तेव्हा व्हिसा लागायचा तो स्वतःच्याच गावात शिरायला! आनंदीबाईंनी तर जाण्याआधीच कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला भर सभेत उभं राहून आपण का चाललो आहोत याचा जबाब दिला होता. आजच्या कुठल्याही मुलाखतीपेक्षा ती मुलाखत अवघड होती, असं माझं मत आहे.

आपल्या नावांची कथा स्वतंत्र सांगण्याजोगी आहे. विमानाच्या तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळावं लागतं, एवढा साधा नियम. पण आपल्याकडे लग्नात नवरीचं आडनाव बदलतंच, काही घरांत ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं पहिलं नावही लिहितात. मग मधुचंद्राची तिकिटं उत्साही दीर त्या तांदळातल्या नावाने काढतो आणि पासपोर्टवर असते माहेरची, वेगळ्याच नावाची एक अविवाहित मुलगी. ज्यांचं नाव बदललेलं नाही त्यांनाही वडिलांचं नाव कुठे टाकायचं, हा प्रश्न असतोच. आपल्या पासपोर्टात ते स्वतःच्या नावाच्याच रकान्यात बसवलेलं असतं. अर्जातही ते तसंच, जसंच्या तसं उतरवायचं. उलट ज्यांच्या पासपोर्टात नाव एकाच शब्दाचं आणि आडनावाचा रकाना रिकामा, अशांना अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यटक म्हणून प्रवेश बंद केला. मराठी माणसाच्या तीन मजली नावाला एरवी लोक हसतात. तिथे ते कामाला आलं.

हे सगळं तपासतं कोण? पुष्कळांची समजूत असते की परदेशातला अधिकारी. प्रत्यक्षात आपल्याला पहिल्यांदा अडवतो तो इथलाच, विमान कंपनीच्या काउंटरवरचा पोरसवदा कर्मचारी. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर परत आणण्याचा भार कंपनीवर आणि वर दंड, त्यामुळे तो संगणकात नियम बघितल्याशिवाय बोर्डिंग पास देत नाही. मधल्या थांब्याचेही नियम तोच बघतो. लंडनमार्गे पुढे जायचं असेल आणि हातात अमेरिका, कॅनडा अशा ठरावीक देशांचा व्हिसा नसेल, तर हीथ्रोवर नुसतं विमान बदलायलाही भारतीयाला ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्या कर्मचाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तो नियम करत नाही, वाचतो. आपण वाचलेला नसतो.

पर्यटक व्हिसावर जाणाऱ्या मराठी माणसांत एक मोठा वर्ग खरं तर पर्यटनाला जातच नाही. तो बाळंतपणाला जातो. लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण सॅन होजेला, म्युनिकला नाहीतर दुबईला असतं आणि आजी-आजोबा ‘टुरिस्ट’ म्हणून रवाना होतात. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा मिळतो, म्हणून कुणी दहा वर्षं राहू देत नाही. एका खेपेला किती दिवस राहायचं ते उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो, साधारणपणे सहा महिने. म्हणजे व्हिसा म्हणजे दार ठोठावायची परवानगी, आत घ्यायचं की नाही ते दार उघडणारा बघतो. तो विचारतो, “कशासाठी आलात?” आणि आजी सरळ मनाने सांगतात, मुलीकडे सगळं काम करायला! काम म्हटल्याबरोबर त्याचे कान टवकारतात. नातवाला भेटायला आलो, एवढं पुरे असतं, आणि ते खरंही असतं.

जर्मनीत लेक असली की वेगळं गणित. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. हे दिवस पुढून नव्हे, मागून मोजायचे असतात. ज्या दिवशी तिथे आहात त्या दिवसापासून मागचे १८०. त्यात आल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा. ‘तीन महिने’ म्हणून मोजलं आणि त्यात जुलै-ऑगस्ट आले तर ९२ होतात. बाळ तारखेआधी आलं तर ठीक. उशिरा आलं तर आजीचे मोलाचे दिवस वाट बघण्यात जातात आणि बाळाला टाळूला तेल घालायची सवय लागते न लागते तोच आजीची मुदत संपते. म्हणून हल्ली काही घरांत आधी एक आजी जाते, मग दुसरी. विहिणी-विहिणींत इतका समन्वय दुसऱ्या कुठल्या कायद्याने घडवला नसेल.

दुबईला तर आणखीनच सांभाळायचं. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू बांधले जातात: खारीक, खोबरं, डिंक, बदाम आणि भाजलेली खसखस. अमिरातीत खसखस निषिद्ध आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली, कारण ती अफूच्या बोंडातली. सिंगापुरातही तिला मनाई. डब्यावर ‘पौष्टिक’ असं लिहून भागत नाही. तिथे खसखस वगळूनच लाडू वळायचे. चवीत थोडा फरक पडतो, मुक्कामात पडत नाही. काही रोजची औषधंही अशीच अडतात, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्या देशाची यादी दोन्ही बघावीत. ऑस्ट्रेलियाला जाताना खाण्याचं जे काही असेल ते कार्डावर लिहून जाहीर करायचं. जाहीर करून काढून घेतलं तर फक्त लोणचं जातं, लपवलं तर दंड होतो.

पुढे सॅन होजेचं ते बाळ मोठं होतं आणि गणपतीला आजोळी यायला निघतं. तेव्हा कळतं की त्याच्या हातात अमेरिकेचा पासपोर्ट आहे आणि त्याला भारतात यायला व्हिसा हवा किंवा परदेशस्थ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड. ज्या आजीने परत जाण्याचे पुरावे गोळा केले होते तिच्या नातवाला आता आपलं सरकार कागद विचारतं. यात कुणाचं काही चुकत नाही. फक्त मोदकांचं वाटप करणाऱ्या आजोबांना ते एकदा शांतपणे समजावून सांगावं लागतं.

तेव्हा चौकशी करा, खुशाल चार ठिकाणी करा; त्याशिवाय प्रवासाला रंग येत नाही. पण शेवटचा शब्द त्या देशाच्या वकिलातीच्या किंवा सरकारच्या संकेतस्थळाचा माना. त्यांच्यासारखीच दिसणारी, जास्त पैसे घेणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत, म्हणून पत्ता नीट वाचा. तिकीट काढण्याआधी एकदा बघा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा. आणि जाऊन आल्यावर शेजाऱ्याने विचारलंच, तर त्याला नियम सांगू नका. कुठे वाचलात ते सांगा, आणि कुठल्या महिन्यात वाचलात तेही सांगा.